तुझा व्यायाम मीच केला

सुलभा,

सकाळचे अकरा वाजले की मी अजून उठतो. पेपर बाजूला ठेवतो, चपला सरकवतो आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत जातो. दर दोन तासांनी तुला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, डाव्या हाताखाली उशी सरकवायची, हे अंगात इतकं मुरलंय की घड्याळ न बघताही पाय निघतात. दारात पोचल्यावर पलंग दिसतो. पल्लवीने त्यावर निळ्या फुलांची नवी चादर घातली आहे, तुला मुळीच आवडली नसती अशी. मग मी परत येतो आणि तोच पेपर पुन्हा वाचायला घेतो. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले.

दमलोय, हे आधीच सांगून टाकतो. तेराव्यापर्यंत घरात माणसं होती, तोवर दमलेलं कळत नव्हतं. आता कळतं. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जातो. तुम्ही काकूंचं जे केलंत ना, ते कुणी करत नाही हो. खालच्या मजल्यावरचे जोशी तर म्हणाले की अशी सेवा आपण फक्त ऐकून होतो. मी मान डोलावतो. पण ते वाक्य कानावर पडलं की मला बसवत नाही. कारण मी तुझं केलं, की तुझ्या हातातलं काढून घेतलं, हा हिशोब मला अजून सुटलेला नाही आणि तो जोशांपुढे मांडण्यासारखा नाही. तुलाच सांगायला हवं. जिवंत असताना सांगितलं नाही, म्हणून आता लिहितोय.

आपल्या घरात कामाची वाटणी कधी झालीच नाही, कारण वाटायला काही ठेवलंच नव्हतंस. मी खडकीच्या कारखान्यात स्टोअरकीपर. पस्तीस वर्षं नट, बोल्ट, बेअरिंगं जिथल्या तिथे ठेवली, पण घरात स्वतःचा रुमाल कुठे असतो ते मला माहीत नव्हतं. पाणी हवं असलं की मी खुर्चीतून ‘अगं’ म्हणायचो. तू तांब्याभांडं आणून ठेवायचीस आणि ठेवताना मुद्दाम आवाज करायचीस. निवृत्त झाल्यावर आपण कात्रजला या फ्लॅटमध्ये आलो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. तू दिवसातून चार वेळा खालीवर करायचीस. भाजी, दूध, दळण, कुणाच्या तरी घरचं हळदीकुंकू. मी बारा वर्षं पेपर वाचला. शुगर मला, बीपी मला. डॉक्टर मला चाला म्हणून सांगायचे, तेव्हा तू शेजारी बसून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायचीस, “यांची जीभ चालते डॉक्टर, तेवढं पुरणार नाही का?”

आणि आडवी तू झालीस. पोळ्या करत होतीस. लाटणं पडल्याचा आवाज आला आणि मी बाहेरूनच ओरडलो की काय पाडलंस. उत्तर आलं नाही, तरी मी हातातली बातमी पुरी केली. हेही आजवर तुला सांगितलं नव्हतं. फार नाही, चार ओळी राहिल्या होत्या. मग आत आलो. तू ओट्याला टेकून खाली बसली होतीस, तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात परक्याचा असल्यासारखा मांडीवर पडलेला. पॅरालिसिस. दवाखान्यात दोन आठवडे काढले. डावी बाजू गेली, वाचा राहिली. शुद्धीत नीट आल्यावर तू मला पहिलं काय विचारलंस आठवतं? गॅस बंद केलात का?

घरी आणल्यावर नसरीन यायला लागली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दहाला, स्कूटरवर, पाठीला सॅक. फिजिओथेरपिस्ट म्हणजे काहीतरी यंत्रं आणेल, वायरी लावेल अशी माझी समजूत होती. तिने सॅकमधून एक टॉवेल काढला आणि मला विचारलं, कपड्यांचे चिमटे आहेत का घरात? चिमटे दोरीला लावायचे आणि काढायचे, डाव्या हाताने. मटकी आणि शेंगदाणे एका ताटात मिसळून वेगळे करायचे, डाव्या हाताने. खुर्चीतून उठायचं, बसायचं, परत उठायचं, आणि उठताना भार डाव्या पायावर. तिच्या घरच्यांचं रविवार पेठेत तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान. बोलायला लागली की आपल्या पल्लवीपेक्षा चोख मराठी, आणि टोमणा तर असा की लागल्यावर थोड्या वेळाने कळावा. तुमचं पहिल्याच दिवशी जमलं. दोन बायका माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलत होत्या आणि मी खुर्चीत होतो.

जिन्याचा नियम तिने तुला शिकवला तो दिवस मला लख्ख आठवतो. वर चढताना चांगला पाय आधी, खाली उतरताना आजारी पाय आधी. जिन्याच्या तोंडाशी तू तिचा हात धरून उभी होतीस, घामाने डबडबलेली. ऐकलंस आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, “म्हणजे बढतीला चांगल्याला पुढे करायचं आणि पडायची वेळ आली की आजाऱ्याला. तुमच्या कारखान्यात असंच होतं ना?” नसरीन इतकी हसली की तिला तुझा हात सोडावा लागला, आणि तू न पडता उभी राहिलीस. कुणाच्याही आधाराशिवाय तू उभी राहिलीस ती ही पहिली वेळ, आणि मी ती टोमणा खाताना पाहिली.

मी बदललो ते याच दिवसांत. कुणाला वाटेल मोठं मन करून बदललो. तसं काही नव्हतं, दुसरं कोणी नव्हतंच. लेक पल्लवी, पण तिची खराडीला नोकरी, मुलं लहान, ती शनिवार-रविवार येणार. स्वयंपाकाला बाई ठेवली ती आठ दिवसांत गेली, तिच्या भाजीला तू नावं ठेवलीस म्हणून. मग मी ओट्यासमोर उभा राहिलो. तू पलंगावरून सांगायचीस, मी करायचो. पहिल्या पोळ्या पापडासारख्या झाल्या. महिनाभरात फुगायला लागल्या. पहिली पोळी टम्म फुगली तेव्हा मी ती तव्यासकट तुला दाखवायला आणली होती. तू म्हणालीस, बरी झालीय. तुझ्या तोंडून ‘बरी’ म्हणजे काय ते मला माहीत आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांनी कधी पाठ थोपटली असेल तर त्याचं इतकं वाटलं नव्हतं.

मग मला चटक लागली. केर मी, फरशी मी, धुणं वाळत घालणं मी. भाजीला खाली मी, दळणाला मी. तुझे केस विंचरायचे मी, वेणी मात्र कधी जमली नाही. तू हात पुढे केलास की मी म्हणायचो, राहू दे, मी करतो, तू बस. तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर माझी शुगर उतरलेली. पट्ट्याचं बक्कल दोन भोकं आत गेलं. डॉक्टर म्हणाले, काका, काय जादू केलीत? मी सगळ्यांना सांगत सुटलो. नसरीनलाही सांगितलं. ती तुझा पाय दाबत होती, तिने मान वर केली नाही.

“जादू कसली,” ती म्हणाली. “काकूंचा व्यायाम तुम्ही करताय. त्यांनी बेचाळीस वर्षं केला, तेव्हा त्याला कोणी व्यायाम म्हटलं नाही. आता तुम्ही करताय आणि त्या बसल्यात. मग उतरणार कोणाची आणि वाढणार कोणाची?”

मी रागावलो. आजारी बायकोला कामाला लावू की काय, असं काहीतरी बोललो. ती शांतपणे म्हणाली की कामाला लावू नका, काम परत करा. तुला हे बोलणं आठवत असेल, कारण तू डोळे मिटून पडली होतीस आणि गालात हसत होतीस.

पण त्याआधीच मी आणखी एक उद्योग करून बसलो होतो. तू दवाखान्यात असतानाच मला तुझ्या स्वयंपाकघराचा वैताग आला होता. हळदीच्या डब्यात जिरं, जिऱ्याच्या डब्यात सुटे पैसे, साखर पोह्यांच्या मागे, चहाची पावडर एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात. माणसाने शोधायचं कसं? मी स्टोअरकीपर आहे. सगळे डबे खाली उतरवले, धुतले, पुसले, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवली आणि शिस्तीत लावले. जड माल खाली, हलका वर, रोजचा माझ्या हाताच्या उंचीला. माझ्या हाताच्या, सुलभा. तू माझ्या खांद्याला लागतेस आणि तुझा डावा हात तर खांद्याच्या वर जातच नव्हता, हे मला सुचलंसुद्धा नाही. मला वाटलं, बरी होऊन आत येशील तेव्हा खूश होशील.

तू आलीस त्या दिवशी तीन पायांची काठी टेकत, नसरीनला न सांगता, एकटी आलीस. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होतो. परत आलो तर तू ओट्यासमोर उभी होतीस आणि चिठ्ठ्या वाचत होतीस. ‘चहा’ माझ्या हाताला येणाऱ्या फळीवर, तुझ्या डोक्याच्याही वर. तू मान वर करून तो डबा पाहिलास. मग म्हणालीस, “मला आता माझ्याच घरात इंडेंट भरावं लागणार का?” कारखान्यातून मी कितीदा घरी येऊन सांगितलं असेल, की इंडेंट भरल्याशिवाय साहेबालासुद्धा स्टोअरमधून एक खिळा देत नाही. ते तू असं परत दिलंस. मी हसलो. तू हसली नव्हतीस, हे मला तू पलंगाकडे वळल्यावर दिसलं. चार दिवस तू आत पाऊल टाकलं नाहीस.

नसरीनने पाचव्या दिवशी फर्मान काढलं. सगळं होतं तसं लावा. मी म्हटलं, होतं कसं ते मला कुठे आठवतंय? ती म्हणाली, ज्यांना आठवतंय त्या बाहेर बसल्यात, त्यांना विचारा. मग रविवार उजाडला. मी तुझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. तू सांगत गेलीस आणि मी ठेवत गेलो. तिथे नाही. अजून डावीकडे. तो डबा नाही, त्याच्या मागचा. डोळे आहेत ना तुम्हाला? बारा वाजता सुरू केलं ते चार वाजले. मध्ये तू तीनदा उठून उभी राहिलीस, मला दाखवायला, आणि एकदाही काठीला हात लावला नाहीस. तुझ्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं होतं. त्यामागे काही पद्धत आहे हेही मला तेव्हाच समजलं. तू ज्या क्रमाने हात फिरवतेस त्या क्रमाने डबे होते. मला बेचाळीस वर्षांत ते दिसलं नव्हतं. आपल्या लग्नातला सगळ्यात चांगला दिवस कोणता असं मला आज कोणी विचारलं, तर मी तो रविवार सांगेन.

सोमवारी तू चहा केलास. नसरीनने पातेल्याखाली ओलं फडकं घालायला शिकवलं होतं, ओट्यावर घसरू नये म्हणून. साखर घालताना डावा हात डब्याला धरून, उजव्याने चमचा. वीस मिनिटं लागली. मी दारात उभा होतो आणि नसरीनने माझा शर्ट मागून धरून ठेवला होता, मी आत धावू नये म्हणून. चहा पाकासारखा गोड झाला होता. तू कप माझ्याकडे सरकवलास आणि बघत राहिलीस. मी घोट घेतला आणि म्हणालो, गोड झालाय. बास, एवढंच म्हणालो. त्या चहासाठी माझा जीव किती गोळा झाला होता ते तेव्हा म्हणायला हवं होतं. गोड झालाय म्हणे. आणि वर माझ्या शुगरची आठवण करून दिली.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे चांगले गेले. नसरीनने मला रोज एक तास घराबाहेर काढायचा नियम केला, कारण मी असलो की तू काही करत नाहीस, मी करू देत नाही. मी तळ्याला फेऱ्या मारायचो. परत यायचो तर चहा झालेला असायचा, कधी कांदा चिरलेला, वेडावाकडा. दसऱ्याच्या आधी तू जिना उतरलीस. छत्तीस पायऱ्या, प्रत्येक पायरीला आजारी पाय आधी. खाली बाकावर बसलीस तेव्हा जोशीवहिनी धावत आल्या आणि किती बारीक झालात म्हणाल्या. तू म्हणालीस की फुकटची जिम लावलीय, नवऱ्याचा स्वयंपाक. वर चढायला अर्धा तास लागला, पण चढलीस.

आता जे सांगायचंय तिथे येतो. मघापासून टाळतोय.

एका गुरुवारी मी तळ्यावरून परत आलो, तेव्हा तू खुर्चीत बसली होतीस आणि फडकं पायाखाली घेऊन फरशी पुसत होतीस. “सांडला,” म्हणालीस. पातेलं उचलताना डावा हात सुटला होता आणि उकळता चहा डाव्या पायावर गेला होता. त्या पायाला नीट जाणीव नव्हती, म्हणून पायावर फोड आलेला तुला पाहिल्यावर कळला. पाय बादलीत बुडवून ठेवायचं तुला सुचलं होतं, फरशी पुसायचंही सुचलं होतं. सगळं तू एकटीने निस्तरलं होतंस. मी ते पाहिलं नाही. मी फक्त फोड पाहिला. मी इतका ओरडलो की जोशीवहिनी वर आल्या. संध्याकाळी पल्लवी ऑफिसातून तशीच आली. विजेची किटली घेऊन आली आणि दिवसभराची बाई ठेवू म्हणाली. तू दोन्हीला नाही म्हणालीस. फोड आठ दिवसांत बरा होईल, असं नसरीनने दुसऱ्या दिवशी पाय बघून सांगितलं, आणि पातेलं लहान घ्या म्हणाली. एवढंच. लहान पातेलं. तिच्या दृष्टीने तो विषय तिथे संपला होता.

मी शनिवारी बाहेर पडताना ओट्याखाली वाकून गॅसचा रेग्युलेटर बंद केला. तिथपर्यंत तुला वाकता येत नव्हतं हे मला माहीत होतं. आणि लायटर पँटच्या खिशात टाकला. तळ्याभोवती चार फेऱ्या मारल्या, लायटर मांडीला लागत होता.

परत आलो. तू ओट्याजवळच्या खुर्चीत बसली होतीस. शेगडीवर लहान पातेलं होतं. त्याखाली ओलं फडकं घालून तू ते भरलं असणार, मग उचलून वर ठेवलं असणार. त्यात पाणी होतं, दूध होतं, साखर, चहाची पावडर, आलंसुद्धा ठेचून घातलेलं होतं. सगळं तयार आणि गार. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “अहो, लायटर सापडत नाहीये.”

मी म्हणालो, मी आल्यावर करतोच की.

तू थोडा वेळ माझ्या खिशाकडे पाहत होतीस. मग म्हणालीस, “बरं.”

मी लायटर काढला, खाली वाकून रेग्युलेटर उघडला, तोच चहा उकळला आणि आपण दोघांनी प्यायला. साखर अगदी बेताची होती. तेव्हापर्यंत तुला प्रमाण जमलं होतं. तेही मी म्हणालो नाही.

त्यानंतर तू एकटी स्वयंपाकघरात गेली नाहीस. भांडलीही नाहीस. नसरीन आली की उठायचीस, बसायचीस, चिमटे लावायचीस, पण मन नसल्यासारखी. महिन्याभराने ‘आज नको’ सुरू झालं. ती मला बाजूला घेऊन विचारायची, काका, काय झालं, काकू मागे का जातायत? मी म्हणायचो, तिचाच उत्साह गेलाय, वय झालं. लायटरचं मी तिला सांगितलं नाही. एवढ्या लांबून उन्हात येणाऱ्या, तुझ्यासाठी जीव टाकणाऱ्या बाईला मी आठवड्यातून तीन दिवस खोटं सांगत होतो आणि वर तिला ताक देत होतो. ताक मी चांगलं करतो आता.

पुढचं काय सांगू, ते तुझ्याच अंगावर झालं. खुर्चीतून पलंग. पाय आखडले. मांडीचं मांस गेलं. पाठीवर लाल डाग दिसायला लागले तेव्हा दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं सुरू झालं. मग छाती भरायला लागली. नसरीन उठायबसायला शिकवायला यायची, ती आता पाठीवर थापट्या मारून कफ सुटावा म्हणून येत होती. मी मात्र ठणठणीत. तुला उचलून उचलून माझे दंड भरले. त्या महिन्यांत आपण जितकं बोललो तितकं बेचाळीस वर्षांत बोललो नव्हतो, तेही खरं. तुझ्या माहेरच्या विहिरीबद्दल, गेलेल्या बाळाबद्दल, खडकीच्या क्वार्टरमधल्या पेरूच्या झाडाबद्दल. मला ते सगळं मिळालं. आजारी तू होतीस आणि घर मला मिळालं. या वाक्याची मला लाज वाटते, पण ते खरं आहे. त्यासाठी मी तुझा ऋणी आहे, आणि कुठल्या तोंडाने आहे ते मला कळत नाही. तू गेलीस तेव्हा मी पेज ढवळत होतो. पेज घेऊन आलो आणि तू नव्हतीस.

परवा नसरीन आली. तेराव्याला तिला यायला जमलं नव्हतं. पलंगासमोर स्टूलावर बसली, नेहमीच्याच जागी. मी ताक दिलं. तुझी काठी तिने मागितली, येरवड्यात एका बाईंना हवी आहे म्हणाली. मी काठी आणून दिली आणि का कोण जाणे, तिच्यापुढे मला खोटं झेपेना. मी म्हटलं, नसरीन, लायटर मी लपवला होता.

ती म्हणाली, “माहितीये काका.”

तू तिला त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच सांगितलं होतंस; मला ती विचारत राहिली ते मी स्वतः कबूल करावं म्हणून. ती माझ्याशी भांडायला उठली होती, मी बाहेर पेपर वाचत होतो. तू तिचा हात धरलास. उजव्या हाताने नाही, डाव्या. म्हणून ती थांबली, इतकी पकड त्या हाताला आली आहे हे तिला पहिल्यांदा कळलं. आणि तू तिला म्हणालीस, “राहू दे गं. बेचाळीस वर्षं हे घरात पाहुण्यासारखे राहिले. आता कुठे त्यांना घर सापडलंय. मी उभी राहिले की परत पेपर उघडून बसतील.”

नसरीन म्हणाली, मी त्यांचं ऐकायला नको होतं, माझंही चुकलं. तिचे डोळे भरले होते. मी तिला समजावलं, की तुझ्याकडे काकूंसारखे अजून किती पेशंट, तू कुणाकुणाच्या घरातली भांडणं सोडवणार? ती काठी घेऊन गेली. जिना उतरताना काठीचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतोय. तू थट्टेत बोललीस की खरंच, हे मला आता कळायला मार्ग नाही. तुझं अर्धं बोलणं असंच असायचं. पण खरं असेल तर, सुलभा, हा कसला हिशोब केलास? मी स्वतःला सांगत आलो की आगीची भीती होती, पुन्हा भाजेल म्हणून काळजी होती. ते खोटं नाही. पण खिशात हात घालून तळ्याभोवती फिरताना मी आगीचा विचार करत नव्हतो. तू उद्या चहा करशील, परवा पोळ्या करशील, आणि मग मी कोण, एवढंच डोक्यात होतं. ते तू ओळखलंस. मी स्वतःशी कबूल करायच्या आधी ओळखलंस. आणि ओळखून मला हवं ते देऊन टाकलंस, आयुष्यभर दिलंस तसं, फक्त या वेळी तांब्याचा आवाज न करता.

मी चुकलो, पण मी मूर्खपणाने चुकलो. तू कळून सवरून चुकलीस. एकदा माझ्या खिशात हात घालायचास. नसरीनला माझ्यावर सोडायचंस. पल्लवीला फोन करून सांगायचंस की तुझा बाप मला डांबून ठेवतो. मी चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, मग खुर्चीत जाऊन बसलो असतो आणि तू माझ्यासमोरून ये-जा केली असतीस, पाय ओढत, मला नावं ठेवत. पेपर मी चार वेळा वाचला असता. शुगर वाढली असती, पोट सुटलं असतं. रिकामं बसून मी काही मेलो नसतो.